परदेशप्रवास, विमानाचे पॉइंट आणि आपली कुटुंबे

(मंडळाच्या सोलापूर येथील वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान. व्याख्यानानंतर झालेल्या प्रश्नोत्तरांपैकी एक प्रश्न शेवटी दिला आहे.)



कार्यकारी मंडळाने मला आज येथे बोलण्याची आज्ञा केली, हा माझा बहुमान आहे. या व्यासपीठावरून विद्वानांची व्याख्याने झाली आहेत. मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक मनुष्य. सारी हयात मुलांना भूगोल आणि अंकगणित शिकविण्यात गेली. परंतु आजच्या विषयास हीच दोन साधने लागतात, म्हणून धाडस करीत आहे.

आपल्या मंडळाची वधूवर-परिचय पुस्तिका आपण सर्वजण पाहता. तीत 'सध्याचे वास्तव्य' असा एक रकाना असतो. पूर्वी तेथे पुणे, मुंबई, फार तर हैदराबाद असे लिहिलेले असे. आता टोरोंटो, डॅलस, फ्रँकफर्ट, सिडनी ही नावे येतात. ही अभिमानाची गोष्ट खरीच. पण त्या रकान्याची दुसरी बाजू सोलापुरातल्या घरांत दिसते. लेकीचे बाळंतपण टोरोंटोला, आणि आई येथे पेठेत बसून फोनच्या काचेवर नातवाचे तोंड पाहते. विचारले तर म्हणते, "दोघांचे तिकीट दीड-दोन लाखांच्या घरात जाते हो गुरुजी, पुढच्या वर्षी बघू." असे पुढचे वर्ष पुढे पुढे सरकत जाते आणि गुडघे मात्र मागे राहतात. याच वेळी त्या लेकीच्या किंवा जावयाच्या नावावर विमान कंपनीचे अथवा बँकेच्या कार्डाचे लाखभर पॉइंट पडून असतात आणि त्यांचे काय करावयाचे हे कोणास ठाऊक नसते. एका घरी तर अशा पॉइंटांतून मिक्सर आलेला मी पाहिला. मिक्सर चांगला होता. परंतु तेवढ्याच पॉइंटांत आईचे अर्धे तिकीट निघाले असते, हे त्या मुलास कोणी सांगितले नव्हते.

हे पॉइंट म्हणजे काय, ते आधी पाहू. अमेरिकेतील अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ च्या मे महिन्यात अशी योजना सुरू केली, की आमच्या विमानाने जितके मैल प्रवास कराल तितके मैल तुमच्या खात्यावर मांडून ठेवू आणि पुरेसे साठले की एक प्रवास फुकट देऊ. वाण्याच्या दुकानी खाते असलेले गिऱ्हाईक दुसरीकडे जात नाही, तोच हा न्याय. इतर कंपन्यांनीही लगोलग अनुकरण केले. पुढे बँका, हॉटेले, दुकाने या साखळीत आली आणि विमानात पाऊल न ठेवताही मैल साठू लागले. १९९९ साली एका अमेरिकन अभियंत्याने एका खाद्यपदार्थ कंपनीच्या जाहिरातीचा फायदा घेऊन पुडिंगचे बारा हजारांवर डबे विकत घेतले, वेष्टनांवरील खुणा कापून पाठविल्या आणि बारा लाखांहून अधिक मैल मिळविले! सोलापूरकराने असे केले असते तर शेजाऱ्यांनी त्यास वेड्यातच काढले असते.

आता 'मैल' हे केवळ नाव उरले आहे. बऱ्याच योजनांत अंतरावर नव्हे, तर तिकिटास किती पैसे दिले यावर पॉइंट मिळतात. एअर इंडियानेही २०२४ पासून हीच पद्धत स्वीकारली. त्या कंपनीच्या योजनेचे नाव आता 'महाराजा क्लब' असे आहे. मिशाळ, लवून नमस्कार करणारा तो महाराजा १९४६ पासून तिचे बोधचिन्ह आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. एका कंपनीचे पॉइंट दुसऱ्या कंपनीच्या विमानात कसे चालतात? हे समजण्यास आपल्यास परदेशी जाण्याची गरज नाही. होटगीपर्यंत गेले तरी पुरे. जुन्या काळी होटगीस दोन निराळ्या कंपन्यांचे रूळ एकत्र येत. जी.आय.पी. कंपनीची रुंद लाइन मुंबईहून सोलापूरवरून पुढे रायचूरकडे जाई आणि सदर्न मराठा कंपनीची मीटर लाइन होटगीहून विजापूर-गदगकडे. तिकडे कुर्डुवाडीस बार्शी लाइट रेल्वेची चिमुकली गाडी १८९७ पासून उभी राही. तीच पुढे पंढरपुरापर्यंत गेली. कंपन्या निराळ्या, रुळांची रुंदी निराळी, मालकही निराळे. तरीही अशा भिन्न कंपन्यांच्या मार्गांवरून जाणाऱ्या प्रवाशास एकच थ्रू तिकीट काढण्याची सोय असे आणि भाड्याची वाटणी कंपन्या मागाहून आपसात करीत. प्रवाशास त्या हिशेबाशी कर्तव्य नसे. विमान कंपन्यांनी हेच केले. त्यांची जागतिक संघटना १९४५ साली स्थापन झाली आणि परस्परांच्या देण्याघेण्याचा हिशेब मिटविण्याची तिची व्यवस्था १९४७ पासून चालू आहे.

याच पायावर पुढे कंपन्यांचे संघ उभे राहिले. १९९७ च्या मे महिन्यात लुफ्तांसा, युनायटेड, एअर कॅनडा, थाई आणि स्कँडिनेव्हियाची एस.ए.एस. या पाच कंपन्यांनी मिळून 'स्टार अलायन्स' काढला. १९९९ मध्ये ब्रिटिश एअरवेज, अमेरिकन, कॅथे पॅसिफिक आदींचा 'वनवर्ल्ड' आणि २००० मध्ये एअर फ्रान्स, डेल्टा, कोरियन व एरोमेक्सिको यांचा 'स्कायटीम' निघाला. एअर इंडिया स्टार अलायन्समध्ये ११ जुलै २०१४ रोजी दाखल झाली. त्यापूर्वी २०११ साली हा प्रवेश एकदा अडला होता. संघातील कोणत्याही एका कंपनीचे पॉइंट संघातील इतरांच्या विमानांत वापरता येतात. एमिरेट्ससारख्या काही मोठ्या कंपन्या मात्र तिन्ही संघांबाहेर आहेत. त्या ज्याच्या त्याच्याशी स्वतंत्र करार करतात. संघ हेही काही सात जन्मांचे नाते नव्हे. संस्थापकांपैकी एक असलेली एस.ए.एस. २०२४ च्या सप्टेंबरात स्टार सोडून स्कायटीममध्ये गेली.

येथे एक गोष्ट नीट ध्यानी घ्यावी, कारण बहुतेकांचा गोंधळ याच ठिकाणी होतो. ज्या विमानात बसावयाचे त्याच कंपनीचे पॉइंट हवेत असे नाही. टोरोंटोतील लेकीजवळ एअर कॅनडाचे पॉइंट आहेत. त्या योजनेस 'एरोप्लान' म्हणतात. त्याच पॉइंटांवर ती मुंबईहून लुफ्तांसाचे किंवा दिल्लीहून एअर इंडियाचे विमान आपल्या आई-वडिलांसाठी काढू शकते. आई-वडिलांचे स्वतःचे खाते असण्याची गरज नाही. पॉइंट कोणाचे, विमान कोणाचे आणि प्रवासी कोण, या तिन्ही गोष्टी निराळ्या असू शकतात.

एक कल्पित उदाहरण घेऊ. सोलापुरातील एका जोडप्याचा मुलगा फ्रँकफर्टला व मुलगी टोरोंटोला आहे, आणि दोघांनाही भेटावयाचे आहे. सामान्य मनुष्य तीन तिकिटे काढतो: येथून जर्मनी, जर्मनीहून कॅनडा, कॅनडाहून परत. एरोप्लानचा नियम असा, की मुंबई ते टोरोंटो या एकमार्गी प्रवासात वाटेत चोवीस तासांहून अधिक काळाचा एक मुक्काम पाच हजार जादा पॉइंट देऊन करता येतो. म्हणजे मुंबई ते फ्रँकफर्ट लुफ्तांसाने, मुलाकडे काही आठवडे राहणे, पुढे फ्रँकफर्ट ते टोरोंटो एअर कॅनडाने, हे सारे एकाच तिकिटात बसते. परतताना टोरोंटो ते दिल्ली एअर कॅनडा आणि दिल्ली ते मुंबई किंवा पुणे एअर इंडिया. भूगोलाच्या तासास मी मुलांना पृथ्वीगोलावर दोरा ताणावयास लावी. असा दोरा मुंबईपासून टोरोंटोपर्यंत ताणून पाहा; युरोप वाटेतच येतो. वाट वाकडी न करता दुसरे घर गाठता येते, हेच या मुक्कामाच्या नियमाचे मर्म. अर्थात जर्मनीत उतरून राहावयाचे तर तेथला शेंगेन व्हिसा निराळा हवा. न उतरता केवळ विमान बदलावयाचे असले तरीही काही देश वाटेतला व्हिसा मागतात. ते नियम बदलत असतात, म्हणून तिकिटाआधी त्या देशाच्या वकिलातीचे संकेतस्थळ पाहावे.

मग ही जागा सहज मिळते काय? नाही. विमान कंपनी आपल्या सर्व जागा पॉइंटांवर देत नाही, आणि दुसऱ्या कंपनीच्या गिऱ्हाइकास तर आणखी थोड्या देते. दिवाळीत, मे महिन्यात वा नाताळात त्या दुर्मिळच. बहुतेक कंपन्या सुमारे ३३० ते ३६० दिवस आधी आरक्षण उघडतात, तेव्हा काही जागा दिसतात. पुन्हा प्रवासाच्या अगदी तोंडावर, न विकलेल्या जागा सुटतात. ज्याची तारीख लवचीक त्याचे काम होते. आपल्या निवृत्त मंडळींस आणखी काही नसले तरी वेळ आहे. मंगळवारी निघा म्हटले तर आपण मंगळवारी निघू शकतो. नोकरदार मुलास ही चैन नाही. म्हणून मी म्हणतो, की या कामात घरातील वडीलधाऱ्यांनी तारखांचे काम अंगावर घ्यावे आणि मुलांनी संगणकाचे.

आता अंकगणित. पॉइंट फुकट आहेत अशी समजूत धरू नये; त्यांचा भाव काढता आला पाहिजे. रीत सोपी आहे. रोख तिकिटाच्या किमतीतून, पॉइंटांवर तिकीट काढूनही जे कर द्यावे लागतात ते वजा करावे, आणि उरलेल्या रकमेस पॉइंटांच्या संख्येने भागावे. समजा, तिकीट रोखीने ९०,००० रुपयांस मिळते. पॉइंटांवर काढल्यास ५०,००० पॉइंट आणि १२,००० रुपये कर लागतो. ९०,००० वजा १२,००० म्हणजे ७८,०००. त्यास ५०,००० ने भागले की एका पॉइंटास १ रुपया ५६ पैसे पडले. तोच पॉइंट बँकेच्या वस्तुसूचीतील मिक्सरवर घालविला आणि २५ पैसे पडले, तर कोणता व्यवहार शहाणपणाचा हे चौथीचा मुलगाही सांगेल. उलट, एखादे वेळी रोख तिकीट स्वस्त असते आणि पॉइंट ५० पैशांनी जातात. अशा वेळी रोखीने जावे व पॉइंट राखावे. कर किती लागतो याकडेही डोळा ठेवावा. एरोप्लान इंधन-अधिभार लावीत नाही, मात्र भागीदार कंपनीच्या तिकिटास ३९ कॅनेडियन डॉलर शुल्क घेते. ब्रिटिश एअरवेज किंवा लुफ्तांसा यांच्या स्वतःच्या योजनांत हा अधिभार पुष्कळदा इतका असतो, की 'फुकट' तिकिटाचा अर्थ लागेनासा होतो.

याच अंकगणिताची एक कडू बाजू सांगितल्यावाचून राहवत नाही. पॉइंटांच्या मोहाने क्रेडिट कार्डावर खरेदी करणारे तरुण आपल्या समाजात वाढत आहेत. बिल मुदतीत पूर्ण फेडले तर ठीक. पण ५०,००० रुपये थकले आणि महिना साडेतीन टक्के व्याज लागले, तर महिन्यास १,७५० रुपये झाले. वर्षाचा साधा हिशेब ४२ टक्क्यांचा. आपल्या वाडवडिलांनी सावकाराकडे याहून कमी दराने कर्जे काढली आणि त्यापायी घरे घालविली. ज्याचे बिल थकते त्याने पॉइंटांचे नाव काढू नये.

कार्डाचे पॉइंट विमान कंपनीकडे एकदा वळविले की परत येत नाहीत. म्हणून आधी हवी ती जागा, हव्या त्या तारखेस आहे हे पाहावे आणि मगच पॉइंट वळवावेत. साठवूनही ठेवू नयेत. हे काही पोस्टाचे बचतपत्र नव्हे. यास व्याज नाही, उलट कंपनी एका रात्रीत भाव पाडू शकते. जपानच्या ए.एन.ए. कंपनीची जगप्रदक्षिणेची तिकिटे पॉइंटांवर मिळत. २०२५ मध्ये ती सोय बंद झाली. मुदतीही निरनिराळ्या आहेत: सिंगापूर एअरलाइन्सचे मैल ३६ महिन्यांनी संपतात, एरोप्लानचे खाते १८ महिने निपचित राहिले तर पॉइंट जातात, युनायटेडचे २०१९ पासून मुदतीने संपत नाहीत. आणि कंपनीच बुडाली तर? किंगफिशरची विमाने २०१२ साली जमिनीवर आली आणि तिच्या सभासदांचे पॉइंट मातीमोल झाले. जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ रोजी थांबली. तिची पॉइंट-योजना मात्र निराळ्या कंपनीच्या ताब्यात असल्याने नाव बदलून जगली. विस्ताराच्या सभासदांचे नशीब बरे. १२ नोव्हेंबर २०२४ रोजी ती कंपनी एअर इंडियात विलीन झाली, तेव्हा त्यांचे पॉइंट एकास एक याप्रमाणे तिकडे गेले.

आता सर्वांत महत्त्वाचे: एक तिकीट. आपल्या परिचयातील एका वृद्ध दांपत्यास कोणी दोन स्वस्त तिकिटे निरनिराळी काढून दिली. पहिले विमान उशिरा पोहोचले, दुसरे निघून गेले. दुसऱ्या कंपनीचे म्हणणे, तुमचे पहिले तिकीट आमच्याशी संबंधित नाही. आणि नियमाने ते बरोबर होते. परक्या विमानतळावर रात्र काढून त्यांना नवे तिकीट भर किमतीस घ्यावे लागले. सर्व टप्पे एकाच तिकिटावर असते, तर पुढच्या विमानात बसवून देण्याची जबाबदारी कंपनीवर असती आणि सामानही शेवटच्या गावापर्यंत नोंदविता आले असते. (अमेरिकेत जाताना मात्र पहिल्या विमानतळावर सामान स्वतः घेऊन पुन्हा द्यावे लागते, हे सासू-सासऱ्यांना आधीच सांगून ठेवावे.) तिकीट एकच आहे की नाही, हे ओळखण्याची खूण अशी: प्रत्येक तिकिटास १३ अंकी क्रमांक असतो आणि त्याचे पहिले तीन अंक तिकीट देणाऱ्या कंपनीचे असतात. एअर इंडिया ०९८, एअर कॅनडा ०१४, लुफ्तांसा २२०. प्रवास लुफ्तांसाने असला तरी लेकीच्या एरोप्लानवर काढलेले तिकीट ०१४ नेच सुरू होईल. निघण्यापूर्वी काही बदल करावयाचा तर तिकीट देणाऱ्या कंपनीकडे जावे. लुफ्तांसास विचारून उपयोग नाही.

तथापि लुफ्तांसाचा आरक्षण-क्रमांक निराळा असतो, तोही मागून घ्यावा. त्यावाचून बसण्याची जागा निवडता येत नाही, चाकाच्या खुर्चीची व शाकाहारी जेवणाची नोंद झाली की नाही हे कळत नाही. एका कंपनीकडे सांगितलेले जेवण दुसरीकडे पोहोचेलच असे नाही. आपल्या एकादशी करणाऱ्या आजींसमोर काय ताट येईल, याची चौकशी प्रत्येक कंपनीकडे वेगळी करावी. आणि तरीही पिशवीत शेंगाचटणी व कडक भाकरी असावीच. ती कोणत्याही संघाच्या विमानात चालते.

सोलापूरचा पहिला टप्पा या एका तिकिटात बसत नाही, हे आपले दुर्दैव. आपल्या विमानतळावरून २०२५ च्या जूनमध्ये गोव्यास आणि ऑक्टोबरात मुंबईस विमान सुरू झाले, ही आनंदाची गोष्ट. परंतु ही सेवा देणाऱ्या कंपन्या त्या संघांत नाहीत. म्हणून रात्रीची सिद्धेश्वर किंवा २०२३ पासूनची वंदे भारत, जी सोयीची ती धरून एक दिवस आधी मुंबई गाठावी. आपल्या शहराचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनला निघाले तेव्हा तेही आधी मुंबईस गेले व तेथून बोटीत बसले. तेवढा भाग अजून तसाच आहे.

दोन धोक्यांची नावे घेतो. पहिला, दलाल. 'निम्म्या किमतीत परदेशाचे तिकीट' असे सांगणारे पुष्कळदा दुसऱ्याचे पॉइंट विकत घेऊन तिकीट काढतात. पॉइंटांची विक्री जवळजवळ सर्व योजनांच्या नियमांविरुद्ध आहे. कंपनीस संशय आला तर तिकीट रद्द होते, खाते बंद होते, आणि प्रवासी खिडकीपाशी उभा राहतो. नात्यातल्या माणसासाठी काढणे निराळे. एरोप्लानमध्ये तर आठ जणांपर्यंत कुटुंबाचे पॉइंट एकत्र करता येतात. दुसरा धोका, फोनवरील संदेश: 'तुमचे पॉइंट आज रात्री संपत आहेत, येथे बोट लावा.' बोट लावू नये. बँक अशा दुव्यावर ओटीपी मागत नाही. पॉइंट गेले तर मिक्सर गेला. ओटीपी दिला तर ठेव जाते.

प्रश्न (एका भगिनीचा): गुरुजी, आमचे यजमान गेल्या वर्षी वारले. त्यांच्या नावावर विमानाचे पॉइंट होते. ते मला मिळतील का?

उत्तर: ताई, बहुतेक योजनांच्या नियमांत पॉइंट ही सभासदाची मालमत्ता मानलेली नाही, त्यामुळे घर-जमिनीप्रमाणे वारसाहक्क सांगता येत नाही. तथापि काही कंपन्या विनंतीवरून ते पत्नीच्या वा मुलांच्या खात्यावर वळवितात, काही त्यासाठी शुल्क घेतात, काही साफ नाकारतात. म्हणून आपण आधी त्या कंपनीचे नियम वाचवून घ्या. पॉइंटांची मुदत चालू असेतोच अर्ज करावा; ती टळली की विनंतीसही जागा उरत नाही. अर्जासोबत मृत्यूचा दाखला, आपल्या नात्याचा पुरावा आणि त्यांचा सभासद-क्रमांक लागेल. तो क्रमांक त्यांच्या जुन्या तिकिटांवर किंवा ई-मेलमध्ये सापडेल. अर्ज इंग्रजीत लिहावा लागतो. रविवारी सकाळी मी मंडळाच्या कार्यालयात असतो, कागद घेऊन या, आपण दोघे मिळून लिहू.